सागरतीरावरील एक उन्हाळी घर : कँपोबेलो बेटावरील रूझवेल्ट-वास्तूचा इतिहास

‘कॉटेज’ या इंग्रजी शब्दाचा कोशातील अर्थ झोपडी अथवा लहानसे खेडवळ घर असा आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील धनिक मंडळी समुद्रकाठी उन्हाळ्यापुरती जी प्रशस्त घरे बांधीत, त्यांनाही ती मोठ्या विनयाने ‘कॉटेज’च म्हणत. आपल्याकडेही बंगल्यास ‘कुटीर’ वा ‘पर्णकुटी’ असे नाव देण्याची हौस पुष्कळांस असते. तेव्हा या विनयाचे नवल आपणांस वाटावयाचे कारण नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका ‘झोपडी’ची हकीगत सांगावयाची आहे. या झोपडीत चौतीस खोल्या असून त्यांपैकी अठरा निजावयाच्या आहेत. ही वास्तू कॅनडा देशाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील कँपोबेलो बेटावर आहे आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन डिलॅनो रूझवेल्ट यांच्या जीवनाशी ती निगडित आहे.

परदेशातील एका श्रीमंत कुटुंबाच्या घराशी आपला काय संबंध, अशी शंका कोणी घेतील. परंतु हे घर सासूबाईंनी सुनेस दिलेले आहे, त्यात बाळंतपण झाले आहे, दुखणे झाले आहे, ते वर्षानुवर्षे बंद राहिले आहे, विकले गेले आहे आणि शेवटी नाश पावता पावता वाचले आहे. आपल्या समाजातील कोणत्या कुटुंबास ही कथा सर्वस्वी परकी वाटेल?

प्रथम स्थानाचा विचार करू. कँपोबेलो हे बेट फंडीच्या उपसागराच्या तोंडाशी असून त्याची लांबी सुमारे चौदा किलोमीटर आहे. जगातील सर्वांत मोठी भरती-ओहोटी याच उपसागरात येते. कँपोबेलोच्या परिसरात भरतीचे व ओहोटीचे पाणी यांत वीस फुटांच्या आसपास अंतर पडते. त्यामुळे सकाळी धक्क्याला टेकलेली होडी दुपारी खोल खाली गेलेली दिसते. उन्हाळ्यातही येथील पाणी थंडगार असते व धुके वारंवार दाटते. या बेटाचे व आसपासच्या किनाऱ्याचे मूळ रहिवासी पासामाक्वडी या आदिवासी जमातीचे लोक होत. इ. स. १७६७ मध्ये हे बेट इंग्रज आरमारातील कॅप्टन विल्यम ओवेन यांस इनाम मिळाले. त्या वेळचे नोव्हा स्कोशियाचे गव्हर्नर लॉर्ड विल्यम कँबेल यांच्या आडनावावर कोटी करून ओवेन यांनी ‘कँपोबेलो’ म्हणजे ‘सुंदर माळ’ असे इटालियन वळणाचे नाव बेटास दिले. पुढे शंभरावर वर्षे ओवेन घराण्याचे स्वामित्व तेथे चालले. बेटावरील बहुतेक वस्ती कोळ्यांची होती.

इ. स. १८८१ मध्ये अमेरिकन भांडवलदारांच्या एका मंडळीने बेटाचा मोठा भाग विकत घेतला व तेथे मोठाली उपाहार-निवासगृहे उभारली. त्या काळी बोस्टन व न्यूयॉर्क येथील श्रीमंतांस उन्हाळ्यातील शहरी उकाडा व रोगराई यांची धास्ती असे. मुंबईचे गव्हर्नर व बडे लोक उन्हाळ्यात महाबळेश्वर गाठीत, तसे हे लोक उत्तरेकडील समुद्रकिनारे गाठू लागले. आपण उंचीचा आश्रय केला, त्यांनी थंड पाण्याचा केला, हेतू एकच. १८८३ साली न्यूयॉर्क संस्थानातील हाईड पार्क येथील जमीनदार जेम्स रूझवेल्ट हे पत्नी सारा व एक वर्षाचा पुत्र फ्रँकलिन यांसह येथे आले. स्थान इतके आवडले की त्यांनी चार एकर जमीन घेतली. १८८५ मध्ये त्यांचे घर तयार झाले. जेम्स यांचे ते घर आज उभे नाही. परंतु फ्रँकलिन यांचे बाळपणाचे व तारुण्याचे बहुतेक उन्हाळे तेथेच गेले आणि शिडाची होडी हाकण्याची विद्या ते तेथील धुक्यात व ओढीच्या प्रवाहातच शिकले.

आपल्या लेखाचा विषय असलेली वास्तू या घराला लागूनच आहे. ती १८९७ मध्ये बोस्टनच्या श्रीमती हार्टमन कून यांच्यासाठी बांधण्यात आली. तिचा आराखडा विलर्ड टी. सीअर्स या बोस्टनच्या वास्तुशिल्पकाराने केला. बोस्टन शहरातील इझाबेला स्ट्यूअर्ट गार्डनर यांचा सुप्रसिद्ध कलामहाल याच शिल्पकाराच्या हातचा आहे. एकाच माणसाने शहरात संगमरवरी चौकाचा राजवाडा उभारावा आणि बेटावर साधे लाकडी घर रचावे, यात त्याचे औचित्यज्ञान दिसते. ज्या जागी जे शोभते तेच करावे, हा कारागिराचा पहिला धर्म होय.

घराची रचना पाहण्यासारखी आहे. संपूर्ण घर लाकडी आहे. भिंतींना बाहेरून लाकडाची पातळ फळकुटे माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक चढवून ठोकलेली आहेत. खारा वारा व पावसाची झड यांपासून आतील सांगाड्याचे रक्षण या खवल्यांनी होते, आणि एखादे फळकूट कुजले तर तेवढेच काढून नवे बसविता येते. आपल्या कोकणातील नळीच्या कौलांचे तत्त्व हेच नव्हे काय? दरवर्षी पावसापूर्वी कौले परतावयाची, फुटके काढून चांगले बसवावयाचे आणि घराचे आयुष्य एकेक वर्षाने वाढवीत न्यावयाचे. रूझवेल्ट-वास्तूच्या भिंती गडद तांबड्या रंगाच्या व छप्पर हिरवे आहे. छपराची तऱ्हा अमेरिकेत डच वसाहतवाल्यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडील छप्पर आढ्यापासून वळचणीपर्यंत एकाच उताराने येते; हे छप्पर आढ्याजवळ थोड्या उताराने निघते व मध्येच मोडून खाली अधिक उभे होते. या मोडीमुळे छपराखाली माळ्याऐवजी माणसांना राहण्याजोग्या खोल्या मिळतात.

दर्शनी भाग रस्त्याकडे नसून पाण्याकडे आहे. बैठकीच्या लांबलचक दालनास मोठमोठ्या खिडक्या आहेत व त्यांतून हिरवळीचा उतार थेट उपसागरापर्यंत गेलेला दिसतो. खाली बैठक, जेवणघर, स्वयंपाकघर व धुण्याची खोली. वर निजावयाच्या खोल्या, मुलांची खोली व अभ्यासाची खोली. १९१५ साली वाढत्या कुटुंबासाठी घरास आणखी एक पाख जोडण्यात आले. सामान साधे आहे. वेताच्या खुर्च्या, लोखंडी व लाकडी खाटा, फुलांची चित्रे असलेले भिंतीचे कागद. रूझवेल्ट कुटुंब येथे राहत होते त्या काळात घरात वीज नव्हती व दूरध्वनीही नव्हता. रात्री घासलेटचे दिवे व मेणबत्त्या लागत. वापरण्याचे पाणी पवनचक्कीने टाकीत चढविले जाई आणि पिण्याचे पाणी मात्र पिंपांत भरून घोडागाडीने आणावे लागे. मुले दूर किनाऱ्यावर वा पाण्यात असली की त्यांना जेवावयास हाक मारण्यासाठी एक भला मोठा कर्णा घरात होता. तो आजही तेथे पाहावयास मिळतो.

चौतीस खोल्यांचे हे घर चालविण्यास किती हात लागत असतील याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पाणी आणणारा, लाकडे फोडणारा, धुणे धुणारी, दिव्यांच्या काचा पुसणारी, होडी सांभाळणारा अशी कितीतरी माणसे, त्यांतील काही बेटावरचीच. मालकांची नावे इतिहासात राहिली. या माणसांचे श्रम मात्र घराच्या टिकून राहण्यातच शिल्लक आहेत.

आता हे घर रूझवेल्टांकडे कसे आले ते पाहू. फ्रँकलिन व एलिनोर यांचा विवाह १७ मार्च १९०५ रोजी झाला. सासूबाई सारा या कर्तबगार, मायाळू व तितक्याच हुकमी स्वभावाच्या होत्या. वैधव्यानंतर त्यांचे सारे लक्ष एकुलत्या एका मुलावर केंद्रित झालेले होते. १९०८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क येथे दोन जुळी घरे बांधली. एक स्वतःसाठी व एक मुलासाठी, आणि दोहोंमध्ये आतून दारे ठेवली. ती दारे केव्हा उघडतील याचा नेम नसे. लहानपणीच आईवडिलांस मुकलेल्या एलिनोर यांना हक्काचे घर कधी मिळालेच नव्हते, आणि विवाहानंतरही जे मिळाले ते दुसऱ्याच्या हाताने मांडलेले होते. कँपोबेलोला गेले तरी राहावयाचे ते सासूबाईंच्याच घरी.

अशा वेळी शेजारच्या श्रीमती कून यांचे निधन झाले. त्यांचा या तरुण दांपत्यावर लोभ होता. आपले घर सामानसुमानासह पाच हजार डॉलरांस सारा रूझवेल्ट यांस द्यावे, मात्र ते त्यांनी मुलासुनेसाठी घ्यावे, अशी तजवीज त्यांनी मृत्युपत्रात करून ठेविली होती. त्याप्रमाणे १९०९ मध्ये सारा यांनी घर घेतले व ते मुलास व सुनेस दिले. येथे एलिनोर यांनी प्रथमच आपल्या मनाप्रमाणे खुर्च्या-टेबले हलविली, खोल्या लावल्या, पाहुणे बोलाविले. सासूबाई शेजारीच होत्या, परंतु मध्ये कुंपण होते. नात्यातील गोडी टिकावयास कधी कधी एवढेसे कुंपणही पुरते, हे आमच्या भगिनीवर्गास समजावून सांगण्याची गरज नाही. या प्रसंगात सारा यांचाही गौरवच केला पाहिजे. दिलेल्या घराचे मोल त्यांनी दिले आणि मोकळेपणाही दिला.

१७ ऑगस्ट १९१४ रोजी या घरात एलिनोर यांस पुत्र झाला. त्या वेळी फ्रँकलिन यांनी स्वतः शिडाची होडी हाकीत पलीकडील लुबेक गावाहून डॉक्टर बेनेट यांस आणले. याच डॉक्टरांस याच घरी सात वर्षांनी पुन्हा यावे लागले, परंतु तो प्रसंग निराळा होता.

१९२१ चा ऑगस्ट महिना. आदल्या वर्षी उपाध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्रँकलिन यांचा पराभव झाला होता. तरी वय अवघे एकोणचाळीस, प्रकृती धडधाकट व भवितव्य उज्ज्वल होते. १० ऑगस्ट रोजी मुलांसह होडीतून फिरताना एका लहान बेटावर वणवा पेटलेला त्यांस दिसला. सर्वांनी उतरून फांद्यांनी झोडपून तो विझविला. मग तळ्यात पोहणे झाले व समुद्राच्या गार पाण्यात बुडी झाली. घरी येऊन ओल्या कपड्यांनिशीच ते टपाल वाचीत बसले. हुडहुडी भरली म्हणून जेवण न करताच ते वर निजावयास गेले. दुसऱ्या दिवशी ताप चढला व डावा पाय लटका पडू लागला. १२ तारखेस दोन्ही पायांवर उभे राहता येईना.

डॉक्टर बेनेट यांना प्रथम साधे पडसे वाटले. किनाऱ्यावर दुसऱ्या गावी विश्रांतीस आलेले फिलाडेल्फियाचे वयोवृद्ध शल्यवैद्य कीन यांनी कण्यात रक्ताची गुठळी झाली असावी असे निदान करून पाय चोळण्यास सांगितले. त्या चोळण्याने रोग्याच्या यातना वाढल्या. अखेर २५ ऑगस्ट रोजी बोस्टनचे डॉक्टर लोव्हेट आले व त्यांनी हा बालपक्षाघात, म्हणजे पोलिओ, असल्याचे सांगितले. २००३ मध्ये काही वैद्यकतज्ज्ञांनी लक्षणांचा फेरविचार करून तो दुसराच एक मज्जारोग असण्याचा संभव अधिक, असे मत मांडले आहे. परंतु त्या काळी निदान पोलिओचे झाले व पुढील सारा इतिहास त्या निदानावरच घडला. वीज, दूरध्वनी व प्रशिक्षित परिचारिका यांच्या अभावी पहिले काही आठवडे सारी शुश्रूषा एलिनोर यांनीच केली. त्या रोग्याच्या खोलीतच निजत. फ्रँकलिन यांचे निष्ठावंत सहकारी लुई हाउ त्यांच्या मदतीस होते. पाच मुलांचा वावर, संसर्गाची भीती आणि बेटावरचे एकटेपण ध्यानात घेतले म्हणजे त्या दिवसांची कल्पना येते.

१३ सप्टेंबर रोजी तात्पुरत्या बनविलेल्या डोलीत घालून बेटावरील माणसांनी फ्रँकलिन यांस जिन्यावरून व हिरवळीच्या उतारावरून धक्क्यापर्यंत नेले. तेथून होडीने ईस्टपोर्ट व पुढे आगगाडीने न्यूयॉर्कचे इस्पितळ असा प्रवास झाला. ज्या उतारावरून ते पूर्वी मुलांबरोबर धावत गेले होते, त्याच उतारावरून त्यांना चौघांच्या खांद्यांच्या आधाराने जावे लागले. पुढे बारा वर्षे ते या घरी आले नाहीत.

या दुखण्यानंतर घरात एक मोठा मतभेद उभा राहिला. मुलाने आता हाईड पार्क येथे वडिलोपार्जित जमिनीवर शांतपणे राहावे, अशी आईची इच्छा. त्यांनी सार्वजनिक जीवन सोडता कामा नये, असा पत्नीचा व लुई हाउ यांचा आग्रह. दोघींचेही प्रेम खरे होते. आईचे प्रेम मुलास जपू पाहत होते, पत्नीचे प्रेम त्यास उभे करू पाहत होते. फ्रँकलिन यांनी दुसरा मार्ग पत्करला. ते १९२८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर निवडून आले व ४ मार्च १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष झाले. चार वेळा या पदावर निवडून आलेला दुसरा पुरुष अमेरिकेच्या इतिहासात नाही. १९३३ च्या जून महिन्यात स्वतः शिडाचे जहाज हाकीत ते कँपोबेलोस परत आले, तेव्हा बेटावरील लोक स्वागतास लोटले. त्यानंतर १९३६ व १९३९ मध्ये त्यांच्या धावत्या भेटी झाल्या.

या घरातील दुखण्याचे धागे आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेले आहेत. रूझवेल्ट यांनी १९३८ मध्ये पोलिओच्या निवारणासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापिली. सामान्य जनतेने तीस दहा-दहा सेंटांची नाणी पाठविली. त्या पैशाच्या बळावर चाललेल्या संशोधनातून डॉक्टर साल्क यांची लस सिद्ध झाली व तिच्या यशाची घोषणा १२ एप्रिल १९५५ रोजी, म्हणजे रूझवेल्ट यांच्या दहाव्या पुण्यतिथीस झाली. पुढे डॉक्टर सेबिन यांची तोंडावाटे द्यावयाची लस आली. तिचे थेंब आपल्या मुलानातवंडांनी घेतले आणि परळ येथील हाफकिन संस्थेने त्या लसीच्या पुरवठ्याचे मोठे कार्य केले. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. एलिनोर रूझवेल्ट या १९५२ मध्ये भारतभेटीस आल्या होत्या व मुंबईसही आल्या होत्या. त्यांच्या अध्यक्षतेखाली मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना ‘सर्व पुरुष’ या अर्थाचा शब्द काढून ‘सर्व मानव’ असा शब्द घालावयास लावणाऱ्या हंसाबेन मेहता या मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील कार्यकर्त्या होत्या, हेही आपण विसरू नये.

आता वास्तूची उत्तरकथा. १९४१ मध्ये सारा व १९४५ मध्ये फ्रँकलिन निवर्तले. मुले निरनिराळ्या ठिकाणी स्थायिक झाली. घर बहुतेक काळ बंद राहू लागले. अखेर १९५२ मध्ये पुत्र एलियट यांनी ते विकले. घेणारे अमेरिकन उद्योगपती आर्मंड हॅमर व त्यांचे बंधू होते. सुदैवाने त्यांनी ते पाडले नाही. त्यांनी दुरुस्ती केली, जुने सामान जतन केले आणि एलिनोर यांस तेथे येण्यास मोकळीक ठेविली. ऑगस्ट १९६२ मध्ये लुबेक गाव व बेट यांना जोडणाऱ्या, फ्रँकलिन यांच्या नावाच्या पुलाच्या समारंभास एलिनोर आल्या. ती त्यांची शेवटची भेट ठरली. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी त्या दिवंगत झाल्या.

पुढच्या वर्षी हॅमर कुटुंबाने घर दान करण्याचे ठरविले. परंतु प्रश्न असा की, स्मृती अमेरिकन राष्ट्राध्यक्षाची आणि भूमी कॅनडाची. मग मालकी कोणाची? उभय राष्ट्रांनी यावर जो तोडगा काढला तो अपूर्व होता. २२ जानेवारी १९६४ रोजी अध्यक्ष जॉन्सन व पंतप्रधान पिअर्सन यांनी करारावर सह्या केल्या व रूझवेल्ट कँपोबेलो आंतरराष्ट्रीय उद्यान निर्माण झाले. त्याच्या मंडळावर दोन्ही देशांचे सभासद समसमान, खर्चही निम्मा-निम्मा. २० ऑगस्ट १९६४ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. आज घराभोवती सुमारे २८०० एकरांचा परिसर राखलेला आहे. घर पाहण्यास मूल्य पडत नाही. खाटा, कंदील, कर्णा, मुलांची पुस्तके, सारे आपापल्या जागी आहे; जणू मंडळी होडीतून फिरावयास गेली आहेत आणि जेवणाच्या वेळेस परततील.

या इतिहासापासून आपण काय घ्यावे? आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांची मूळ घरे कोकणात अगर घाटावर कुलूप लावून उभी आहेत. सात-बारावर वीस-वीस नावे आहेत. त्यांतील निम्मे मुंबई-पुण्यास, काही परदेशी. गणपतीपुरते दार उघडते, काही घरी तेही नाही. वाळवी वाशांना लागते, पडवी खचते, आणि चुलत्या-पुतण्यांचे ‘प्रथम तुम्ही खर्च करा’ हे संपत नाही. माजघरातील कोनाडा, आजीचे जाते, देवघराची चौकट यांचा वारस कोण हे ठरण्यापूर्वीच छप्पर खाली येते. दोन स्वतंत्र राष्ट्रे, ज्यांचे कायदे निराळे, नाणी निराळी, ती एका लाकडी घराचा खर्च निम्मा-निम्मा वाटून साठ वर्षांहून अधिक काळ ते सांभाळतात. आणि आपण सख्खे चुलतभाऊ असून वर्षाकाठी कौले परतण्याची वर्गणी जमवू शकत नाही! श्रीमंती हे याचे कारण नव्हे. कोणी, किती व केव्हा द्यावयाचे हे त्यांनी आरंभी लिहून ठेविले, हे कारण होय.

म्हणून अशा सामाईक घरांसाठी प्रत्येक कुटुंबाने लेखी व्यवस्था करावी. एक देखभाल-निधी, दोन जबाबदार माणसे आणि वर्षातून एक ठरलेला दिवस. आपल्या मंडळाने या कामी कुटुंबांस कायद्याचा सल्ला मिळवून द्यावा, तसेच पाडली जाण्यापूर्वी जुन्या घरांचे आराखडे व छायाचित्रे गोळा करावीत. ज्यांस घर राखणे शक्य नाही त्यांनी निदान घराची हकीगत लिहून ठेवावी. कोणी बांधले, कोठून लाकूड आणले, कोणती बाळंतपणे व कोणती दुखणी त्याने पाहिली. आणि ती लिहिताना केवळ आपल्या वाडवडिलांची नावे लिहून थांबू नये. ज्यांनी चिरे वाहिले, विहीर खणली, शेत कसले आणि तरीही ज्यांना आपल्या ओटीवर चढण्याची मुभा नव्हती, त्यांचीही आठवण त्यात असावी. तेवढे सत्य सांगितल्याशिवाय घराचा इतिहास पुरा होत नाही.

घर हे चिऱ्यांचे असो वा लाकडाचे, वापराने व दुरुस्तीने टिकते. कँपोबेलोच्या भिंतीवरील एकेक फळकूट बदलले जाते आणि घर तेच राहते. आपल्या घरांच्या कौलांसही त्याच हाताची वाट आहे. यंदाचा पाऊस येण्यापूर्वी आपल्यापैकी काही जणांनी गावी जाऊन ती एकदा परतून घ्यावीत, एवढीच ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती.